धागा: एप्रन, टर्किश नॅपकिन आणि गरम भांड्याच्या गादीवर शेगडीवालं वांगं (मशीन एम्ब्रॉयडरी)

टिळकवाडी_टाके

नमस्कार मंडळी. वास्तुशांतीला द्यायला १२ संच करायचे आहेत. एका संचात पांढरट ड्रिलचं एप्रन, सोलापुरी टर्किश नॅपकिन आणि गरम भांडी धरायची चौकोनी गादी. तिन्हींवर एकच गमतीदार पात्र हवंय: बार्बेक्यूच्या शेगडीसमोर उभा, डोक्यावर आचाऱ्याची टोपी, हातात चिमटा.

मशीन घरगुती, एका सुईचं. फ्रेम १००×१०० मिमी. तयार रंगीत चित्रावरून सॉफ्टवेअरने आपोआप टाके पाडले. टाके ३८,००० आणि रंग १४ आले. ड्रिलच्या तुकड्यावर चाचणी केली तर मधे फुगा आला, कडेने चुण्या पडल्या, काळी बाह्यरेषा भरणीपासून २ मिमी सुटली आणि ज्वाळांच्या जागी सुई दोनदा तुटली. खाली आधाराचा साधा फाडायचा पेपर, एक थर. सुई ७५/११, दोरा ४० नंबर पॉलिस्टर, वेग मिनिटाला ८०० टाके. काय काय बदलायला हवं?

पंचिंगवाला_शहापूर

ताई, मशीन ठीक आहे, दोरा ठीक आहे. ती फाइल बाजूला ठेवा.

हिशेब बघा. १०×१० सेंमी म्हणजे १०० चौरस सेंमी. ४० नंबरच्या दोऱ्याची चांगली दाट भरण एका चौरस सेंमीला साधारण १३० टाक्यांत बसते. म्हणजे अख्खा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरला तरी १३,००० टाके. तुमच्या फाइलीत ३८,००० आहेत. सॉफ्टवेअरने अंगावर एप्रन, एप्रनवर हात, हातावर सावली असे थरावर थर चढवलेत. तीन थरांखाली ड्रिल राहत नाही, पत्रा होतो. सुई तुटते ती तिथे, आणि फुगाही त्यानेच येतो.

पात्र कापडासाठी नव्याने काढा. सहा रंग पुरे: जांभळा, हिरवा, पांढरा, काळा, नारिंगी, पिवळा. रंगछटा नको, सावली नको. जो भाग दुसऱ्याखाली झाकला जातो तो कापून टाका, फक्त १ ते १.५ मिमी खाली सरकवून ठेवा म्हणजे फट दिसणार नाही. १ मिमीपेक्षा बारीक जे काही असेल ते साटिनने (जवळजवळ मारलेल्या नागमोडी टाक्यांच्या पट्टीने) करू नका, साधी धावती रेघ घ्या. ७ मिमीपेक्षा रुंद साटिन स्वयंपाकघरातल्या कापडावर ठेवू नका. भांड्याच्या कानाला, अंगठीला लांब टाका अडकतो आणि ओढला जातो.

आणि दाटी, म्हणजे ओळींमधलं अंतर, ०.४ मिमी ठेवा असं जो तो सांगतो, पण ती कशी मोजलीय ते विचारत नाही. काही सॉफ्टवेअरांत भरणीचं ०.४ म्हणजे जाणाऱ्या एका ओळीपासून जाणाऱ्या पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, परतीची ओळ मधे येते. इंकस्टिच या सॉफ्टवेअरमध्ये भरणीचं अंतर शेजारच्या दोन ओळींमधलं धरतात आणि ते मुळात ०.२५ असतं. तिथे कुणाचं ऐकून ०.४ टाकलंत तर खालचं ड्रिल दिसेल. उलट पहिल्या प्रकारात ०.२५ टाकलंत तर पुन्हा पत्रा.

चिकोडी_शिलाई

पात्र कोणतं घेताय? बार्बेक्यूच्या बहुतेक तयार फाइलींत डुक्कर असतं. आपल्याकडे बारापैकी निम्मी घरं शाकाहारी असतील. जैन आहेत, लिंगायत आहेत. त्यांच्या नव्या घरात एप्रनवर डुक्कर द्यायचं म्हणजे बरं दिसत नाही. कोंबड्याचंही तेच.

टिळकवाडी_टाके

बरोबर आहे. मग कणीस?

पंचिंगवाला_शहापूर

कणीस नको. दाणा दाखवायला ७०–८० छोटे तुकडे करावे लागतात, प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची आणि शेवटची गाठ आली. मागून काटेरी होतं.

वांगं घ्या. भरताचं. निखाऱ्यावर भाजायची वस्तू आपलीच आहे आणि आकार एम्ब्रॉयडरीला अगदी सोयीचा: एकच गुळगुळीत जांभळा पिंड, वर हिरवं देठ. त्या देठावर टोपी, खाली डोळे, मिशा, एक हात कमरेवर, दुसऱ्यात चिमटा. जैन घरात वांगंही चालत नसेल तर पिंड पिवळा करून ढोबळी मिरची करा. देठ तेच, मिशा त्याच, फाइल तीच.

गवंती_मुरगी

वांगं फार छान! देठाच्या पाकळ्या पाच टोकदार काढा म्हणजे लांबूनही वांगंच वाटेल. चार काढल्या की जांभळा टोमॅटो दिसतो.

शेगडीही ओळखू यायला हवी. गोल बुडाची, झाकणाची, तीन पायांची शेगडी अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रातल्या धातूच्या तरंगत्या बोयाचे दोन अर्ध करून बनवली, म्हणून तिचा आकार चेंडू अर्धा कापल्यासारखा आहे. तो अर्धगोल, वर आडवी जाळी आणि खाली तीन पाय एवढं काढलं की बार्बेक्यू कळतं. झाकण दाखवायची गरज नाही.

जाळीला आणि पायांना साटिन नको. धावत्या टाक्याने जा, त्याच वाटेने परत या. कसुतीतली (कर्नाटकातल्या हातभरतकामातली) गवंतीच ही, जाताना सोडलेल्या जागा येताना भरायच्या. मशीनवर टाक्यावर टाका पडतो एवढाच फरक. मागचं-पुढचं सारखं दिसतं आणि दोरा मधे कुठे तोडावा लागत नाही. टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवा. रेघ ठळक हवी असेल तर तीनदा फिरवा.

वडगावचा_माग

कापडाचं कुणी बोललं नाही अजून. ड्रिल कोरं असेल तर आधी धुवा. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते आणि सूत ताणलेलं असतं. एम्ब्रॉयडरी करून मग धुतलं तर कापड आकसतं, पॉलिस्टर दोरा आकसत नाही, आणि वांग्याभोवती सुरकुत्या येतात त्या इस्त्रीनेही जात नाहीत. गरम पाण्यात एक धुणं, सावलीत वाळवणं, ओलसर असताना इस्त्री, आणि मगच कापणं.

ड्रिलची वीण तिरकी असते. भरणीचे टाके त्याच तिरक्या रेषेत गेले तर विणीच्या खाचेत बसतात, कड वेडीवाकडी दिसते. भरणीचा कोन विणीला आडवा पडेल असा द्या. शेजारच्या दोन भागांना वेगवेगळे कोन द्या, एकाच दिशेने सगळं ओढलं जात नाही.

पंचिंगवाला_शहापूर

काकांनी सांगितलं ते शंभर टक्के. आता पिंडाबद्दल. पिंड भरू नका, अप्लिक करा, म्हणजे जांभळ्या कापडाचा तुकडा वरून शिवा.

पिंड ४५×५५ मिमी धरू. क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस सेंमी. भरला तर २,५०० टाके आणि खालचे पायाचे टाके वेगळे. अप्लिकला परिघ साधारण १५७ मिमी. ३ मिमी रुंद साटिन, नागमोडीच्या एका टोकापासून त्याच बाजूच्या पुढच्या टोकापर्यंत ०.४ मिमी, म्हणजे ८०० च्या आत टाके. जागा दाखवणारी रेघ आणि कापड धरणारी रेघ मिळून आणखी १२५. पाया धरून १,०५० च्या आसपास संपतं. टाके निम्म्याहून कमी, आणि पोटावर कापड मऊ राहतं.

मशीन आधी ड्रिलवर जागेची रेघ मारेल आणि थांबेल. त्यावर जांभळं पॉपलिन ठेवा, सगळीकडून १ सेंमी जास्त. मागे पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवलेलं असलं तर कडा सुटत नाहीत. दुसरी रेघ ते कापड धरेल. आता फ्रेम मशीनवरून काढा पण कापड फ्रेममधून काढू नका, आणि वाकड्या टोकाच्या कात्रीने रेघेपासून १ ते १.५ मिमी ठेवून जादा कापड कापा. त्यापेक्षा जास्त राहिलं तर साटिनबाहेर जांभळी दशी डोकावते. रेघेवर कात्री गेली तर धुताना अप्लिक निघतं. कापताना फ्रेम मांडीवर ठेवून वरून दाबू नका, कापड सैल होतं. टेबलावर सपाट ठेवून कापा. फ्रेम परत लावली की साटिन.

यामुळे तुमची बाह्यरेषा सुटायची अडचणही जाते, कारण साटिन हीच बाह्यरेषा. वेगळी काळी रेघ शेवटी मारायची नाही.

क्रम असा ठेवा. आधी शेगडी आणि पाय. मग ज्वाळा: पिवळी आधी, नारिंगी तिच्या शेजारी, वर नाही. मग पिंड, देठ, टोपी, हात-चिमटा, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. डोळ्यात पांढरा, त्यावर काळा, त्यावर चमकेचा ठिपका पांढरा. ठिपका १.५ मिमीपेक्षा लहान केला तर दोऱ्याची कडक गाठ होते. मिशा एकाच साटिनच्या, टोकाला १.२ मिमी, मधे ५ मिमी.

सगळं मिळून ८,००० टाक्यांच्या आत बसेल. वेग ६०० ठेवलात तर १३–१४ मिनिटं शिलाई, रंग बदलणं आणि अप्लिक कापणं धरून एका नगाला २५ मिनिटं धरा. १२ एप्रनना ५ तास. वरचा दोरा १,००० टाक्यांना ५ मीटर धरला तर एका नगाला ४० मीटर.

टिळकवाडी_टाके

आणि चुण्या? फ्रेममध्ये कापड चांगलं ओढून ताणलं होतं.

चिकोडी_शिलाई

ओढून ताणलं हेच चुकलं बघा ताई. फ्रेममध्ये कापड ढोलकीसारखं सपाट हवं, पण लावल्यावर कोपऱ्यांतून ओढायचं नाही. ओढलं की ते ताणलेल्या अवस्थेत शिवलं जातं, फ्रेममधून सोडलं की मूळ मापावर येतं आणि टाके उभे राहतात. स्क्रू आधीच बरोबर सैल-घट्ट करा, आतली रिंग एका दाबात बसली पाहिजे. मग बोटाने विणीची उभी-आडवी रेघ सरळ आहे का बघा.

फाडायचा एक थर ड्रिलला कमी. ८,००० टाक्यांच्या डिझाइनला कापून काढायचा पेपर घ्या, एकच थर, फ्रेमच्या चारी कडांत धरलेला. फाडायचा पेपर सुईच्या भोकांनी मधेच सुटतो आणि मग शेवटचे भाग आधाराशिवाय शिवले जातात. तुमची २ मिमीची फट बरीचशी यातनं आली असणार. ओढीची भरपाई (टाके कापड आत ओढतात म्हणून आकार थोडा रुंद ठेवणं) ड्रिलला ०.२ मिमी द्या. सुई ९०/१४, टोकदार. फ्यूजिंग, अप्लिक आणि ड्रिल एकत्र आल्यावर ७५ ची सुई वाकते.

खानापूर_अंगण

नॅपकिनचं वेगळं प्रकरण आहे. टर्किशचे वेढे टाक्यांतून वर येतात, टोपी केसाळ दिसते. खाली पेपर आणि वर पाण्यात विरघळणारी फिल्म, दोन्ही लागतात. फिल्म नुसती चिमटीने धरू नका, चारी बाजूंनी लांब कच्च्या टाक्यांचा चौकोन मारून घ्या. शिवून झाल्यावर मोठे तुकडे फाडा, डोळ्याजवळचे बारीक तुकडे ओल्या फडक्याने टिपा.

पण एक धुणं झालं की फिल्म गेली आणि वेढे परत वर. त्यासाठी डिझाइनच्या खाली, त्याच्या २–३ मिमी बाहेर जाईल अशी विरळ जाळी नॅपकिनच्याच रंगाच्या दोऱ्याने आधी शिवा, ओळींत १ ते १.५ मिमी अंतर. ती वेढे कायमचे झोपवते. पिंडाला अप्लिक असल्यामुळे तिथे जाळीची गरज नाही. टोपी, ज्वाळा, हात, शेगडीच्या रेघा यांच्याखाली हवी. गवंतीच्या बारीक रेघा टर्किशवर जाळीशिवाय गायब होतात. भरपाई इथे ०.४.

नॅपकिन फ्रेममध्ये चिरडू नका, रिंगचा दाब वेढ्यांवर वळ पाडतो आणि तो लवकर जात नाही. फ्रेममध्ये फक्त पेपर लावा, त्यावर तात्पुरता चिकटणारा स्प्रे हलकासा मारून नॅपकिन वरून बसवा, आणि कच्च्या टाक्यांनी धरा. स्प्रे मशीनपासून लांब, दुसऱ्या खोलीत मारा. जागा खालच्या सपाट विणलेल्या पट्टीच्या वर, ४ सेंमी सोडून. नॅपकिन उभा तिहेरी घडी घालून बघा, वांगं मधल्या घडीत पूर्ण आलं पाहिजे.

आणि पावसाळ्यात करत असाल तर फिल्म झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आमच्याकडे जुलैत उघडी ठेवलेली फिल्म चिकट होते, सुईला गोळा धरते.

गवंती_मुरगी

खाली काही लिहिणार का? "गरमागरम" वगैरे?

टिळकवाडी_टाके

हो, एप्रनवर "गरमागरम", आणि खिशावर घरच्यांचं आडनाव. चार घरं कन्नड आहेत, त्यांचं कन्नडमधून.

पंचिंगवाला_शहापूर

देवनागरी इंग्रजीपेक्षा मोठी घ्यावी लागते. अक्षराची उंची मात्रा-वेलांटी सोडून १२ मिमी. त्याखाली "भ"ची आणि "क्ष"ची पोकळी बुजते. फाँटमधून अक्षरं घेतली की प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी शिवली जाते, दोन अक्षरांच्या सांध्यावर गाठी दिसतात आणि रेघ पायरीसारखी होते. आधी सगळ्या अक्षरांची अंगं शिवा, मग पूर्ण शब्दावर एकच सलग साटिन, १.२ ते १.५ मिमी रुंद. "गरमागरम" सहा अक्षरांचा आहे, १०० च्या फ्रेममध्ये १२ मिमी उंचीने बसेल पण वांग्याखाली नाही. ते खालच्या कडेला वेगळं फ्रेम करून घ्या.

कन्नडला शिरोरेखा नाही, अक्षरावर तलेकट्टू (डोक्यावरची छोटी खूण) असतो आणि खाली गोल वळणं. वळणाच्या आतल्या बाजूला टाके एकावर एक येतात, म्हणून तिथे आखूड टाके आपोआप घालायची सोय चालू ठेवा, नाहीतर वळणात भोक पडतं. आणि कन्नड नाव शिवायच्या आधी कन्नड वाचणाऱ्याकडून कागदावर तपासून घ्या. ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) चुकीच्या जागी गेलं तर आडनाव बदलतं.

खिसा एप्रनला शिवण्याआधी भरा. छातीवरचं डिझाइन वरच्या कडेपासून ८–१० सेंमी खाली सुरू करा. फार वर घेतलं तर गळ्याच्या पट्ट्याने कापड वाकतं आणि टोपी दुमडते.

चिकोडी_शिलाई

एप्रनच्या नाड्या! शिवताना नाड्या गुंडाळून क्लिपने वर धरा. खाली लोंबल्या की फ्रेमखाली जातात आणि वांग्याबरोबर नाडीही शिवली जाते.

खानापूर_अंगण

गादीबद्दल कुणीतरी सांगा, तिथे उष्णतेचा प्रश्न आहे.

वडगावचा_माग

हो, आणि तो नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. पॉलिस्टर दोरा २५० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतो, त्याआधीच मऊ पडतो. तापलेला तवा त्याच्या जवळपास जाऊ शकतो आणि गॅसची आच तर कितीतरी पुढे. वितळलेला दोरा कातडीला चिकटतो. रेयॉन वितळत नाही, पण जळतं. म्हणून भांड्याला लागणारी बाजू पूर्ण कोरी, सुती. वांगं पाठीच्या बाजूला. आणि गादीच्या एका कोपऱ्यात लूप लावा म्हणजे कुठली बाजू भांड्याला लावायची ते हाताला कळतं.

शिवणही आधी करू नका. २०×२० सेंमीची गादी धरली तर वरच्या पाठीच्या सुती तुकड्यावर भरतकाम करून घ्या, मग आत सुती बॅटिंगचे दोन थर, मग अस्तर. पूर्ण गादी शिवून तिच्यावर एम्ब्रॉयडरी केली तर दोन गोष्टी होतात. हजारो टाक्यांनी आतला कापूस दाबला जातो, तिथे उष्णता सरळ हातापर्यंत येते. आणि पॉलिस्टर दोरा भांड्याच्या बाजूला निघतो, मागचा बॉबिनचा दोरासुद्धा. आत पॉलिस्टर फायबर भरू नका, बाजारात स्वस्त मिळतं म्हणून. जरीचा दोरा तर नकोच. धातू तापतो आणि मायक्रोवेव्हमध्ये ठिणगी पडते.

मागचा पेपर टाक्यांच्या ५ मिमी बाहेर गोल कापा. टोकदार कोपरे ठेवले तर गादीत वरून जाणवतात.

टिळकवाडी_टाके

नवं पंचिंग करून (टाक्यांची फाइल नव्याने बनवून) चाचणी घेतली. ७,६४० टाके. फुगा नाही, चुण्या नाहीत. पण टोपीच्या पांढऱ्यात मधूनमधून बॉबिनचा काळा दोरा वर येतोय, आणि एकदा खाली मोठं जाळं झालं.

पंचिंगवाला_शहापूर

बॉबिनला काळा दोरा का? पांढरा घ्या, ६० नंबर, सगळ्या रंगांना तोच. फक्त नॅपकिनची मागची बाजू दिसते म्हणून तिथे नॅपकिनच्या रंगाचा चालेल.

बॉबिन वर येतो तेव्हा वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी. ५–६ मिमी रुंदीची साटिनची उभी पट्टी शिवा आणि उलटी बघा. मधे एक तृतीयांश पांढरा, दोन्ही बाजूंना वरचा रंग दिसला की ताण बरोबर. आधी वरचा ताण कमी करून बघा, बॉबिन केसचा स्क्रू शेवटी, आणि तोही पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. स्क्रूला हात लावण्याआधी केसच्या पातीखाली दशी अडकलीय का बघा. टर्किशची लव तिथे फार जाते.

जाळं झालं म्हणजे वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नव्हता. दाबपट्टी खाली असताना दोरा ओवला की चकत्या बंद असतात, दोरा त्यांच्या वरून जातो. दाबपट्टी वर करून पूर्ण दोरा काढा, पुन्हा ओवा. जाळं झालं की फ्रेम जोराने वर खेचू नका, कापड फाटतं. फ्रेमच्या आणि पट्टीच्या मधे कात्री घालून खालून कापा.

खानापूर_अंगण

मधेच वीज गेली तर? आमच्याकडे दिवसात दोनदा तरी जाते.

चिकोडी_शिलाई

बऱ्याच मशीनना शेवटचा टाका लक्षात राहतो, चालू केल्यावर विचारतं. नसेल तर टाक्यांचा आकडा डायरीत लिहीत जा, रंग बदलताना दर वेळी. वीज आल्यावर त्या आकड्याच्या १० टाके मागे जाऊन सुरू करा. वीज गेल्यावर फ्रेम मशीनवरून काढू नका.

निपाणी_नवीन

मी नुसती वाचतेय. एकच विचारते, अशा एप्रनवर हळद पडली तर? पांढरं ड्रिल आहे.

वडगावचा_माग

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो. साबण अल्कली असतो आणि हळदीचा रंग अल्कलीत लाल पडतो. तो लाल बघून जांभळा दोरा उतरला असं वाटतं आणि भेट देणाऱ्याला बोल लागतो. तसं नाही. नीट खळबळून पाण्यातून काढा आणि ओला एप्रन उन्हात घाला. हळद उन्हाने उडते, पण सावलीत राहते.

दोरा खरंच उतरतो का ते भेट देण्याआधी बघा. उरलेल्या तुकड्यावर जांभळा आणि काळा शिवून, ओला करून, दोन पांढऱ्या फडक्यांमधे गरम इस्त्रीने दाबा. फडक्यावर रंग आला तर ते रीळ वापरू नका. आणि जांभळ्या पॉपलिनचीही तीच परीक्षा घ्या. दोऱ्यापेक्षा तेच जास्त वेळा उतरतं. इस्त्री मात्र नेहमी उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून.

टिळकवाडी_टाके

पॉपलिन उतरलं! फडकं फिकट जांभळं झालं. आधी मीठ घालून भिजवू का?

वडगावचा_माग

मिठाने पक्का होत नाही, दुकानातून दुसरा ताग्याचा तुकडा आणा. नेतानाच ओलं पांढरं फडकं सोबत ठेवा, काउंटरवर कोपरा घासून बघा.